गेलेल्या गवताचा पंचनामा

आमच्या दवाखान्यात जंताचं औषध वेळेवर येत नाही. लाइट असली तर फ्रिज बंद, फ्रिज दुरुस्त झाला तर लाइट गेलेली. पण किस्से? ते रोज सकाळी कुलूप उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसलेले असतात! कुणाच्या गाईनं नव्या सुनेची साडी खाल्ली, कुणाच्या बोकडानं आधार कार्ड खाल्लं, कुणाची म्हैस पाहुणे आले की नेमकी पान्हा चोरते. पूर्वी मी घरी गेले की नवऱ्याला सांगायचे. ते दौंडला रेल्वेत आहेत. सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडं गाडी लेट होते एस्तेर, पण येते तरी!" मग मी घरी सांगणं बंद केलं. तेव्हापासून नुसते साठत चाललेत.

मी एस्तेर साळवे. माहेर केडगाव, सासर दौंड, नोकरी भीमेच्या काठी, जिथं दौंड तालुका संपतो आणि पुलापलीकडं शिरूर सुरू होतो. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक. पण हुद्द्याला गावात कोण विचारतंय? गुरांच्या दवाखान्यात जी बाई दिसते ती डॉक्टरीणबाई. खऱ्या डॉक्टरांकडं इतक्या गावांचा चार्ज आहे की ते कुठल्याच गावात सापडत नाहीत.

आता सांगते ते किस्से एकाच वर्षातले, पाऊस आमच्याकडं फिरकला नाही त्या वर्षातले. खाली नदीकाठी ऊस हिरवागार उभा, आणि वर माळावर गवताची काडी नाही. ऊस दिसतो मालकाला, माळ दिसतो मेंढपाळाला. आणि आमच्या माळावर होते बिरूमामा.

बिरूमामा धनगर. त्यांचं गाव पाबळकडं, शिरूर तालुक्यात. पण तिथं ते जातात फक्त लग्नाला आणि मतदानाला. बाकी वर्षभर मेंढरं घेऊन हिंडायचं, त्यातले बरेच महिने आमच्या माळावर. त्या वर्षी त्यांचं एकच म्हणणं होतं, "बाई, पावसापातूर एवढी मेंढरं जगली पायजेत. मग म्होरचं म्होरं."

माळाच्या कडेला एक मेंढरांचा व्यापारी मोटारसायकल लावून बसायचा. बोलायचा नाही, हाक मारायचा नाही, नुसता कळपाकडं बघत तंबाखू मळायचा. त्याला कसलीच घाई नव्हती. मला त्याचा असा राग यायचा म्हणून सांगू! पण रस्ता सरकारी, बसायला कोण मनाई करणार?

*

तर त्या वर्षी सरकारनं जाहीर केलं, दुष्काळात ज्यांचा चारा गेला त्यांना जनावरांसाठी चारा मिळणार. मामा आनंदानं तलाठ्याकडं गेले. तलाठ्याच्या हुद्द्याचं नाव सरकारनं मध्ये बदललं, पण गावासाठी ते अजून भाऊसाहेबच. मी कसल्याशा सहीसाठी तिथंच बसले होते.

"पीक कुठलं गेलं मामा?"

"पीक न्हाई. गवात गेलं."

"गवत पेरलं होतं का?"

"आता गवात कोन पेरतं वो?"

"मग उगवलं कसं?"

"द्येवानं उगवलं."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग नुकसान देवाचं झालं, मामा. अर्ज त्यांनी करायचा. सातबारा आणि आधार देऊन पाठवा त्यांना."

ऑफिसात हशा पिकला. मामा हसले नाहीत. "सांगतो त्याला," म्हणाले आणि काठी उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी परत हजर! भाऊसाहेबांना वाटलं, चला, आजचीही करमणूक झाली. "काय मामा, काय म्हणाला देव?"

"द्येव म्हनला, सातबाऱ्यावर माझं बी नाव न्हाई. देवळाची जमीन पुजाऱ्यानं लावून घेतलीया."

ती जमीन लावून घेताना फेरफार कुणी केला होता ते गावाला माहीत होतं. भाऊसाहेबांनी त्या दिवशी अर्ज मुकाट्यानं घेतला.

*

अर्ज घेतला, पण घेतला म्हणजे पुढं गेला असं नाही. दौंडच्या साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "राहणार शिरूर तालुका. मग शिरूरला जा." मामा शिरूरला गेले. तिथले साहेब म्हणाले, "गवत गेलं कुठलं? दौंडचं. मग दौंडला जा." पुन्हा दौंड. पुन्हा शिरूर. एसटीवाल्यांशी ओळख झाली, अर्ज होता तिथंच! मी डॉक्टरांना फोन केला, डॉक्टरांनी वरच्यांना केला, वरच्यांनी सांगितलं की दोन्ही कार्यालयांनी समन्वय साधावा. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं काय ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष कानांनी ऐकलं.

शेवटी मामांनी दोन्हीकडं निरोप धाडला. "म्या सोमवारी मेंढरं घिऊन पुलावर हुबा ऱ्हातो. हिकडनं तुमी या, तिकडनं त्ये येतील. ज्याच्या हद्दीत जादा मेंढरं निघतील, त्यानं खायाला घालावं."

सगळ्यांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. सोमवारी मामा उभे राहिले की हो! भर पुलावर, मधोमध, अख्खा कळप घेऊन! कारखान्याचे दिवस. इकडून उसाचे ट्रॅक्टर, तिकडून उसाचे ट्रॅक्टर, मध्ये मेंढरं. हॉर्न, शिव्या, व्हिडिओ. थोड्या वेळानं दोन्हीकडचे साहेब खरोखर पुलावर! जे काम अर्जानं झालं नाही ते ट्रॅफिक जॅमनं केलं.

दौंडचे साहेब ओरडले, "मामा, मेंढरं आधी शिरूरच्या बाजूला घ्या!"

शिरूरचे साहेब ओरडले, "अजिबात नाही! दौंडच्या बाजूला घ्या!"

मामा दोघांकडं बघून म्हणाले, "समन्वय साधा."

हा शब्द त्यांना मीच शिकवला होता. अखेर पूल मोकळा व्हावा म्हणून दौंडच्या साहेबांनी तिथंच गाडीच्या बॉनेटवर अर्जाला सही केली.

आणि एक गंमत कुणाच्या लक्षात आली नाही. हे सगळं होईपर्यंत मेंढरं काय करत होती? उसाच्या मोळ्या वाढ्यानं, म्हणजे उसाच्याच शेंड्याच्या पानांनी, बांधलेल्या असतात, ते हिरवं वाढं ट्रॉलीबाहेर लोंबत होतं. जॅम सुटेपर्यंत कळपानं दोन्ही बाजूच्या ट्रॉल्या शिस्तीत साफ केल्या. त्या दिवशी मेंढरं पोटभर जेवली.

*

मग आला पंचनामा.

पीक गेलं की पंचनाम्याला काहीतरी दिसतं. वाळलेली ताटं, करपलेली पानं. गवत गेल्यावर काय दिसणार? माती! भाऊसाहेब माळावर आले, जागेचा पत्ता उमटणारा कॅमेरा मोबाइलवर लावला आणि मातीचे फोटो काढले. एक उभा, एक आडवा, एक वाकून. वर पाठवले.

वरून शेरा आला, "फोटोमध्ये गवत दिसत नाही."

भाऊसाहेबांनी कळवलं की गवत गेलं आहे, म्हणूनच दिसत नाही. पुन्हा शेरा आला, "गेले म्हणजे आधी होते काय? असल्यास तसा फोटो जोडावा."

आता सांगा, माळावरच्या गवताचा फोटो काढून कोण ठेवतं? भाऊसाहेब डोकं धरून बसले. आणि मला एकदम आठवलं. आप्पांच्या पोराचं प्री-वेडिंग!

आप्पा म्हणजे आमच्या गावचे माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि गावात कुठलंही पद रिकामं झालं तर त्याचे उमेदवार. आदल्या वर्षी पाऊस चांगला होता, माळावर मांडीइतकं गवत, आणि आप्पांच्या मुलाचं लग्न ठरलेलं. पुण्याहून फोटोग्राफर आला होता. मी त्याच दिवशी तिथं मेंढरांना लस टोचत होते, म्हणून डोळ्यांनी बघितलंय.

फोटोग्राफर म्हणाला, "मागं मेंढ्या पाहिजेत. एकदम फॉरेन वाटेल!"

मामा म्हणाले, "बोलावतो. पर आधी खायाला आना."

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे!"

"दोन मिनटाचं असू दे न्हाईतर दोन घटकंचं. हाक मारली का खायाला घालावं लागतं. एकडाव खोटी हाक मारली तर मेंढरू दुसऱ्या बारीला इस्वास ठेवत न्हाई."

शेवटी नवरदेवाला शेरवानीवर मोटारसायकलीनं घरी पिटाळलं आणि धान्याच्या भरड्याचं पोतं मागवलं. पोतं आल्यावर मामांनी जिभेनं टक टक केलं आणि लांबलचक हाक मारली, "हुर्रऽऽ ये ये येऽऽ!" पुढं चंद्री, म्हणजे मामांची पुढारी शेळी, आणि तिच्यामागं सगळा कळप धावत आला. फोटो झाले, भरडा संपला. मग मामांनी दोन बोटं तोंडात घालून शीळ मारली आणि कळप आला तसा माघारी गेला. फोटोग्राफर बघतच राहिला. म्हणाला, "वऱ्हाडी असे ऐकले असते तर काय पाहिजे होतं!"

तर तो फोटो पंचनाम्याला लावायचं ठरलं. आप्पा भडकले. "आमची सून सरकारी कागदाला लावता व्हय रं?"

भाऊसाहेब म्हणाले, "सून नाही आप्पा, गवत लावतोय. सून सोबत आलीय."

फोटो वर गेला. गवत दिसलं, मेंढरं दिसली, मामासुद्धा एका कोपऱ्यात दिसले. आम्ही सगळे खूश. आठवड्याभरानं शेरा आला:

"गवत दिसले. फोटोतील स्त्री व पुरुष हे लाभार्थी आहेत काय? असल्यास दोघांस रोज किती चारा लागेल ते कळवावे."

*

दरम्यान गावात छावणी सुरू झाली. कुणाची? आप्पांची! कुठं? आप्पांच्याच खडकाळ रानात, जिथं आजवर कुसळसुद्धा नीट आलं नव्हतं. गुरं महिनोन्‌महिने तिथं बांधायची, चारा सरकारचा, शेण आप्पांचं. अशी समाजसेवा करायला मोठं मन लागतं, आणि खडकाळ रान लागतं.

छावणीत गाय, बैल, म्हैस चालत होती. मेंढरं चालत नव्हती. ती म्हणे लहान जनावरं, त्यांचा आदेश मागून येणार. मामांनी विचारलं, "लहान हाय म्हून भूक बी लहान व्हय?" त्यावर कुणाकडं परिपत्रक नव्हतं.

तपासणीच्या दिवशी तर बहार. छावणीत कागदावर जेवढी गुरं होती तेवढी दावणीला नव्हती. ही काही आमच्याच गावची गोष्ट नाही, शेजारच्या दोन छावण्यांतही तसंच. मग तिघांनी मिळून एक रीत पाडलेली. साहेबांची गाडी पहिल्या छावणीतून निघाली की गुरं टेम्पोत घालून आडवाटेनं दुसऱ्या छावणीत, तिथून तिसरीत. आप्पांची छावणी तिसरी.

साहेब दावणीवरून चालत आले आणि एका बैलासमोर थांबले. पांढरा बैल, एक शिंग मोडलेलं, दुसऱ्याला लाल गोंडा.

"चेअरमन, ह्या बैलाला मी सकाळपासून तिसऱ्यांदा भेटतोय."

मी म्हटलं, आता आप्पा सापडले! पण आप्पा ते आप्पाच. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "गुनी जनावर हाय, साहेब. तुमची सवय लागलीया त्याला."

साहेबांनाही हसू आलं. चहा झाला आणि तपासणी संपली.

त्याच संध्याकाळी आप्पांनी मामांना बोलावून घेतलं. आमच्याकडं मेंढरं रानात बसवायची पद्धत आहे. रात्रभर कळप एखाद्याच्या वावरात बसतो, त्याच्या लेंड्यांनी रान कसदार होतं, आणि शेतकरी मेंढपाळाला त्याबद्दल ज्वारी-बाजरी देतो. आप्पा म्हणाले, "बिरू, छावणीत घ्यायचं माझ्या हातात न्हाई. पर मेंढरं माझ्या खालच्या रानात बसव. धान्याचं पुढल्या वर्षी बघू."

मामा म्हणाले, "बसवतो की आप्पा. पर लेंडी पडायला आधी काय तरी आत गेलं पायजे. वरनं घाला, खालनं न्या."

आप्पांना राग आला. मामांना खरं तर रडू येत होतं, मी तोंड बघितलं होतं त्यांचं. पण हसणाऱ्यांमध्ये मीही होते, काय करणार.

*

मग लहान जनावरांचा आदेश आला एकदाचा! फक्त अट एवढीच, प्रत्येक मेंढराच्या कानात बिल्ला पाहिजे, बिल्ल्याचा नंबर मोबाइलवर चढवला पाहिजे, आणि चढवताना मालकाच्या फोनवर येईल तो ओटीपी टाकला पाहिजे. दर मेंढराला वेगळा!

आमच्या केडगावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी लहानपणापासून मेंढपाळाच्या गोष्टी ऐकत आले. एक मेंढरू हरवलं तर तो कसा रानोमाळ शोधत फिरतो, वगैरे. मेंढपाळाला ओटीपी लागतो हे पाळकसाहेबांनी कधी सांगितलं नव्हतं.

मामांकडं फोन नाही. नोंदवलेला नंबर त्यांच्या मुलाचा. मुलगा कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेक्यावर कामाला, आणि त्या कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो. झालं! मी मेंढरू धरणार, बिल्ला मारणार, आणि ओटीपी गेटवरच्या खोक्यात वाजणार.

मुलानं शक्कल काढली. गेटवरच्या सिक्युरिटी गार्डला सांगून ठेवलं की फोन आला तर नंबर वाचून दाखव. गार्ड बिहारचा. पहिल्या दिवशी वैतागला. "मॅडम, ये भेड़ का ओटीपी बार-बार क्यों आ रहा है?" मी म्हटलं, भैया, भेड़ बहुत है. दुसऱ्या दिवशी त्याला सवय झाली. तिसऱ्या दिवशी तोच विचारायला लागला, "आज वाली कैसी है, मॅडम? काली या सफ़ेद?" गावी त्याच्याही बकऱ्या होत्या म्हणे. चंद्रीची चौकशी तर तो रोज करायचा. सबंध योजनेत जनावराची तब्येत विचारणारा तो एकटाच माणूस निघाला, आणि तो बसलेला केमिकलच्या कंपनीच्या गेटवर!

मग मध्ये एक दिवस मी फोनच केला नाही. संध्याकाळी त्याचाच आला. "मॅडम, आज ओटीपी नहीं आया. भेड़ ख़तम हो गई क्या?"

काय सांगणार? त्या दिवशी सकाळी व्यापाऱ्यानं टेम्पो आणला होता. मामांनी सगळे नर दिले. ज्यांचे कान मी आदल्या आठवड्यात टोचले होते, ते माझ्याच समोर टेम्पोत चढले, कानात सरकारचे पिवळे बिल्ले घालून. बिल्ला मारला की मेंढरू सरकारी यादीत येतं, पण पोटात काही येत नाही. मी मामांना म्हटलं, "आता बास, मामा. माद्या नका देऊ. आदेश आलाय."

"आदेस आलाय बाई, चारा न्हाई आला," मामा म्हणाले. "त्याला सांगितलंय, पुढल्या शनवारी ये म्हून."

माद्या गेल्या की कळप गेला. हे काही मला कुणी शिकवायला नको होतं.

*

आणि नेमका शुक्रवारी चारावाटपाचा कार्यक्रम ठरला! मोठे साहेब पुण्याहून येणार. माळावर मांडव, मांडवात स्टेज, स्टेजवर प्लॅस्टिकच्या हिरव्यागार गवताचा गालिचा. वर्षभरात त्या माळावर उगवलेलं ते एकमेव गवत! कमानीला उसाचं वाढं आणि झेंडूच्या माळा. माळाकडं तोंड करून दोन मोठे भोंगे. आणि शेजारी ट्रक. काय ट्रक होता! हिरव्या मक्याच्या पेंढ्या वरपर्यंत रचलेल्या. लाभार्थ्यांनी जनावरांसह हजर राहावं असा निरोप होता, म्हणून मामांनी कळप मांडवापासून लांब, लिंबाखाली बसवला. मेंढरं ट्रककडं बघत होती. मीही बघत होते.

व्यापारीसुद्धा आला होता. पुढच्या रांगेत खुर्ची धरून बसला.

मी चाऱ्याच्या ठेकेदाराला म्हटलं, "बरं झालं बाबा, वेळेवर आणलास."

तो म्हणाला, "कसलं आणलंय, मॅडम! मेंढरांच्या चाऱ्याची मंजुरी अजून प्रक्रियेत हाय. ही गाडी फोटोपुरती. कार्यक्रम झाला की पलीकडच्या छावणीत खाली करायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! सरळ मामांकडं गेले आणि सांगून टाकलं, "मामा, हा चारा तुमचा नाही हो. फोटो झाला की परत जाणार."

 मामांनी ट्रककडं बघितलं, पुढच्या रांगेतल्या व्यापाऱ्याकडं बघितलं, आणि मुंडासं काढून परत नीट बांधलं.

कार्यक्रम सुरू झाला. आप्पांनी मुक्या जनावरांच्या सेवेवर भाषण केलं. बैलाचा उल्लेख टाळला. मग वाटप. एका लाभार्थ्याच्या हातात मक्याची पेंढी द्यायची, फोटो काढायचा, पेंढी परत घ्यायची, पुढच्याच्या हातात तीच. मामांच्या हातातून काढून घेताना तिची दोन पानं तुटली, तेवढी मामांच्या मुठीत राहिली.

मोठे साहेब एकदम खुशीत आले. माइक हातात घेऊन म्हणाले, "आपल्या मेंढपाळ बांधवांकडं पारंपरिक ज्ञानाचा खजिना आहे! मामा, तुम्ही मेंढरांना कशी हाक मारता? जरा माइकवर ऐकवा सगळ्यांना."

मामा मागं सरकले. "नगं, साहेब."

"अहो, लाजताय काय? मारा हाक!"

"लाजत न्हाई, साहेब. आमच्यात हाक खोटी मारत न्हाईत. मारली का खायाला घालावं लागतं."

"मग खोटी कशाला? खरीच मारा!" साहेबांनी मांडवाकडं बघून टाळ्या मागितल्या. टाळ्या मिळाल्या.

मामांनी माइक घेतला. एकदा माझ्याकडं बघितलं. जिभेची टक टक दोन्ही भोंग्यांतून माळभर घुमली, आणि मग,

"हुर्रऽऽ ये ये येऽऽ!"

लिंबाखालचा अख्खा कळप एका झटक्यात उठला. पुढं चंद्री! मांडवाचा पडदा फाटला, खुर्च्या उलथल्या, पाहुणे बाजूला झाले. व्यापारी खुर्चीसकट आडवा. काही मेंढरं स्टेजवर चढली, प्लॅस्टिकचं गवत हुंगून बघितलं आणि सोडून दिलं. कमानीचं वाढं गेलं, झेंडू गेला, साहेबांच्या हातातला गुच्छ चंद्रीनं दांड्यासकट नेला. उरलेला कळप ट्रकवर. फाळका फोटोसाठी उघडाच ठेवला होता, चढायला उतरत्या फळ्या लावलेल्याच होत्या.

साहेब खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "आवरा! आवरा यांना! अरे, तो माइक घ्या आधी म्हाताऱ्याकडनं!" कुणीतरी मामांच्या हातातला माइक हिसकावला. भाऊसाहेब तेवढ्यात पत्ता उमटणारा कॅमेरा काढून फोटो घेत सुटले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या फोटोत जनावर आणि चारा एकत्र आले होते.

धुरळा बसल्यावर साहेब ठेकेदाराला म्हणाले, "हा चारा भरा आणि घेऊन जा."

ठेकेदारानं हात वर केले. "उष्टा चारा मी न्हेनार न्हाई, साहेब! प्रत्येक पेंढीला तोंड लावलंय. छावणीतली लोकं गाडी फोडतील माझी!"

आता ट्रक परत जाईना, आणि मंजुरी नसलेला चारा खाल्ला असं लिहिता येईना. मोठे साहेब बराच वेळ फोनवर बोलले, आणि त्याच संध्याकाळी मंजुरी प्रक्रियेतून बाहेर आली! दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती, "मेंढपाळांना चारावाटप, लाभार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद."

शनिवारी व्यापारी आला, कंबरेला हात लावून लंगडत. मामांनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या टेम्पोनं परत पाठवलं. तो उष्टा मका मामांनी वाळवून असा पुरवून पुरवून घातला की पाऊस येईपर्यंत टिकला. माद्या सगळ्या राहिल्या. गार्डला मी फोन करून सांगितलं, तर तो गेटवरच नाचला म्हणे.

पुढं एकदा मामा चंद्रीला घेऊन दवाखान्यात आले होते. टोचून झाल्यावर मी विचारलं, "मामा, कळप माघारी फिरवायची शीळ वेगळी असते ना?"

"व्हय."

"मग त्या दिवशी साहेब एवढे ओरडत होते, तर ती का नाही मारलीत?"

मामांनी चंद्रीच्या कानातला बिल्ला सरळ केला.

"माइक काढून घेतला न्हवं त्यांनी."